टेरिअर पुनर्वसन, नागपुरातील

बिळात शिरून कोल्हा, बॅजर, उंदीर अशा प्राण्यांना हुसकावण्यासाठी जोपासलेल्या कुत्र्यांचा गट म्हणजे टेरिअर. सोडून दिलेली किंवा मालकाला सांभाळणे न जमलेली अशी कुत्री नव्या घरी देण्याच्या नागपुरातील रीतीची ही नोंद.

नावाचे मूळ लॅटिन ‘तेर्रा’ (जमीन) या शब्दात असून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. सेंट ऑल्बन्स येथे १४८६ मध्ये छापलेल्या शिकारविषयक ग्रंथातील श्वानयादीत त्याचे एक जुने रूप सापडते. तेथे त्याचा अर्थ जात की काम, याविषयी मतभेद आहेत. जॉन कीज या वैद्याने १५७० च्या लॅटिन प्रबंधात कुत्र्यांची विभागणी कामावरूनच केलेली असल्याने दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. जॅक रसेल टेरिअरची परंपरा पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून घेतलेल्या ‘ट्रम्प’ या कुत्रीपासून सांगतात. साल बहुधा १८१९; काही जण १८१५ देतात. शुद्ध वंशाचा आग्रह यानंतरचा. दत्तक देताना तो गैरलागूच ठरतो, कारण कागदावर ‘टेरिअर’ लिहिलेले कुत्रे पुष्कळदा गावठी संकर असते.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आज तर्री-पोह्यांची प्लेट जेमतेम येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, असे म्हटले होते; त्या भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली.

घर पाहताना अंगण आधी पाहावे. कुंपणाखाली घुशीचे बीळ असेल तर टेरिअर नाक खुपसून, मागे मातीचा ढीग उडवत, तासाभरात पलीकडे निघते. बिळात साप असण्याचा धोका वेगळाच. म्हणून कुंपणाची जाळी वीतभर जमिनीत गाडतात. घरात ससा किंवा पक्षी असल्यास हे कुत्रे देऊ नये.

आठ-दहा वर्षांचे कुत्रे उकरण्याचा नाद बरेचसे सोडते आणि त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. तरी मागणी पिल्लांनाच. टेरिअर बहुधा बारा ते पंधरा वर्षे जगते, म्हणजे सहवास अगदीच अल्प नसतो. नेण्यापूर्वी दात, हृदय आणि डोळे तपासून घ्यावेत. या गटात भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. डोळा अचानक लाल होऊन मिटू लागला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

गोचीडतापाकडे बारमाही लक्ष हवे. मे महिन्यात पारा ४५° से. पार करतो, तेव्हा फिरवणे पहाटे किंवा रात्री, आणि दुपारी म्हाताऱ्या कुत्र्याची जागा वाळ्याच्या ताट्यांच्या कुलरसमोर. मृगाच्या सरींनंतर हवा दमट झाली की कुलरचा उपयोग उरत नाही. तेव्हा पंखा आणि ओली फरशी बरी.