हिरवी न होणारी पट्टी

१३ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुस्तीपटू सुशील कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने मंजूर केलेला जामीन रद्द केला. २००८ साली बीजिंगमध्ये कांस्य आणि २०१२ साली लंडनमध्ये रौप्य अशी दोन ऑलिंपिक पदके मिळवणाऱ्या या मल्लावर, मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधील मारहाणीनंतर एका तरुण कुस्तीपटूचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणात खुनाचा आरोप आहे. त्यांनी तो नाकारला आहे आणि जामीन रद्द झाला त्या वेळी खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. बातमी आली त्या दिवशी आमच्या भागातल्या तालमीबाहेरच्या कट्ट्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ ठामपणे सांगत होते, की देशाला दोन पदके देणारा माणूस असे करणारच नाही. त्यांच्या शेजारचे तितक्याच ठामपणे म्हणत होते, की पैलवान गडी, संतापाच्या भरात केलेच असणार. दोघांपैकी कोणीही आरोपपत्राचे एक पानही वाचलेले नव्हते, आणि मीही नव्हते वाचलेले. म्हणून या प्रकरणात काय घडले यावर मी काहीही लिहिणार नाही. माझे कुतूहल त्या दोन ठाम आवाजांविषयी आहे.

चाहत्यांबद्दलचा सर्वसाधारण समज असा, की ते डोळे झाकून घेतात, पुरावा पाहातच नाहीत. ‘अंधभक्त’ हा शब्दच त्या समजातून आला आहे. मानसशास्त्रातील गेल्या सत्तर वर्षांचे संशोधन मात्र काहीसे वेगळे आणि माझ्या मते अधिक अस्वस्थ करणारे चित्र उभे करते. आवडत्या खेळाडूवर आरोप झाला की चाहता विचार करणे थांबवत नाही. उलट तो नेहमीपेक्षा अधिक विचार करू लागतो, अधिक चिकित्सक होतो, आणि नेमकी तीच चिकित्सा त्याला चुकीच्या जागी नेऊन सोडू शकते.

याची पहिली खूण अमेरिकेतील एका विद्यापीठीय फुटबॉल सामन्यात सापडली. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यातला सामना बराच धसमुसळा झाला, दोन्ही बाजूंचे खेळाडू जखमी झाले आणि दोन्ही विद्यापीठांत एकमेकांवर आरोपांची राळ उडाली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची एकच चित्रफीत दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत तीच होती, मोजणी करणारे प्रामाणिक होते, आणि तरीही आकडे जुळले नाहीत.

पण हे का घडते? या प्रश्नाचे मला सर्वांत आवडलेले उत्तर देणारा प्रयोग खेळाशी संबंधित नाही. त्यात फक्त थुंकी आणि पिवळ्या कागदाची पट्टी आहे.

पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात सहभागी झालेल्यांना सांगण्यात आले, की एका विशिष्ट एन्झाइमच्या कमतरतेमुळे पुढे स्वादुपिंडाचे विकार होऊ शकतात आणि ती कमतरता थुंकीत बुडवलेल्या पट्टीवरून कळते. हे एन्झाइम संशोधकांनी कल्पनेतून निर्माण केले होते आणि पट्टी म्हणजे साधा पिवळा कागद होता, त्यामुळे तिचा रंग कधीही बदलणार नव्हता. एका गटाला सांगितले होते, की पट्टी हिरवी झाली नाही तर तुम्ही ठणठणीत आहात. दुसऱ्या गटाला नेमके उलटे सांगितले होते, की पट्टी हिरवी झाली नाही तर तुमच्यात कमतरता आहे. प्रत्येकाने स्वतःच पट्टी बुडवायची, निरीक्षण करायचे आणि निकाल निश्चित झाला असे वाटले की ती पाकिटात घालून द्यायची. पहिल्या गटातल्या लोकांनी पट्टी पिवळीच आहे हे पाहून सुखाने पाकीट बंद केले. दुसऱ्या गटातले लोक मात्र बराच अधिक वेळ थांबले, आणि पट्टी पुन्हा थुंकीत बुडवून पाहणाऱ्यांचे, म्हणजे चाचणीची फेरतपासणी करणाऱ्यांचे, प्रमाणही त्यांच्यात जास्त होते.

दुसऱ्या गटाचे वर्तन पृथक्पणे पाहिले तर त्यात निंदनीय असे काहीच नाही. एका चाचणीवर विसंबू नये, ती पुन्हा करावी, हे तर आपण शाळेच्या प्रयोगशाळेतच शिकतो. दोष आहे तो दोन गटांच्या तुलनेत: नको असलेला निकाल आल्यावर आपण उत्तम वैज्ञानिक होतो आणि हवा असलेला निकाल आल्यावर तितकेच उत्तम वैज्ञानिक राहात नाही. थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने हा फरक दोन प्रश्नांत पकडला आहे. हव्याशा गोष्टीबाबत आपण स्वतःला विचारतो, ‘यावर विश्वास ठेवता येईल का?’ आणि नकोशा गोष्टीबाबत विचारतो, ‘यावर विश्वास ठेवावाच लागेल का?’ पहिल्या प्रश्नाला एक अनुकूल धागा पुरतो. दुसऱ्या प्रश्नात एक प्रतिकूल धागा सापडला तरी सुटका होते. झिवा कुंडा यांनी १९९० साली या साऱ्या प्रक्रियेचा आढावा घेताना एक मर्यादाही नोंदवली: माणूस वाटेल ते मानू शकत नाही, आपण तटस्थ आहोत असे स्वतःला पटवून देता येईल इतकेच तो मानतो. म्हणूनच चाहत्याला युक्तिवाद लागतो, आणि तो जितका हुशार, तितका त्याचा युक्तिवाद सफाईदार.

आता हे सारे प्रत्यक्ष खटल्यात कसे दिसते ते पाहण्यासाठी निकाली निघालेले प्रकरण हवे. ओ. जे. सिम्पसन हा बफेलो बिल्स संघाचा अमेरिकन फुटबॉलमधील तारा होता. १९७३ साली एका हंगामात २,००३ यार्ड धावून दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू ठरला, आणि निवृत्तीनंतर जाहिराती, चित्रपट व समालोचन यांमुळे घराघरांत पोहोचला. १२ जून १९९४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन सिम्पसन आणि रॉन गोल्डमन यांचा खून झाला. पाच दिवसांनी तो बसलेल्या पांढऱ्या मोटारीचा पोलीस पाठलाग करत असताना अंदाजे साडेनऊ कोटी अमेरिकी लोक तो दूरचित्रवाणीवर पाहत होते, आणि महामार्गांवरील पुलांवर त्याला प्रोत्साहन देणारे फलक घेऊन लोक उभे होते. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

या खटल्यात अभियोग पक्षाचा एक मुद्दा असा होता, की सिम्पसन पत्नीला मारहाण करत असे. १९८९ साली तशा प्रकरणात त्याने आरोपाला आव्हान दिले नव्हते. बचाव पक्षाच्या चमूतील कायदेतज्ज्ञ अॅलन डर्शोविट्झ यांनी त्यावर एक आकडा पुढे केला: जोडीदाराची मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांपैकी वर्षाला अडीच हजारांत एकीहून कमी स्त्रियांचा खून त्या जोडीदाराकडून होतो, म्हणून मारहाणीचा इतिहास खुनाबद्दल फारसे काही सांगत नाही. सिम्पसनच्या चाहत्याला हा आकडा म्हणजे बुडत्याला काडी. तो खोटा नव्हता, वैज्ञानिक वाटत होता, आणि ‘विश्वास ठेवता येईल का?’ या प्रश्नाला पुरेसा होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्तसंदेश उलगडणाऱ्या केंद्रात गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेले संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी १९९५ साली ‘नेचर’मध्ये या युक्तिवादाची चूक दाखवली, आणि गेर्ड गिगरेन्झर यांनी पुढे ती सोप्या मोजणीत मांडली. अशा १,००,००० स्त्रिया घ्या. अडीच हजारांत एक या हिशेबाने वर्षभरात त्यांच्यापैकी सुमारे ४० जणींचा खून जोडीदाराकडून होईल. अन्य कोणाकडून खून होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण लाखात सुमारे ५ धरले होते. उरलेल्या ९९,९५५ जणी जिवंत राहतील, आणि डर्शोविट्झ यांचा आकडा मुख्यतः त्यांच्यामुळेच इतका लहान दिसतो. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न जिवंत स्त्रियांचा नव्हताच. निकोलचा खून झाला होता. तेव्हा पाहायच्या त्या फक्त ४५ खून झालेल्या स्त्रिया, आणि त्यांतल्या ४० जणींचा मारेकरी जोडीदार आहे, म्हणजे जवळजवळ ९० टक्के. इतर कोणताही पुरावा पाहण्याआधीची ही शक्यता आहे. ती एकटी कोणालाही दोषी ठरवत नाही, पण ‘मारहाणीचा इतिहास निरर्थक’ हे म्हणणे ती साफ मोडून काढते.

इथे थोडे गणित केल्याशिवाय मला राहवत नाही. नव्या पुराव्याने मत किती बदलावे हे सांगणाऱ्या बेझच्या नियमानुसार, पुराव्यानंतरचे ‘दोषी विरुद्ध निर्दोष’ हे प्रमाण म्हणजे पुराव्याआधीचे तेच प्रमाण गुणिले त्या पुराव्याचे वजन. हे वजन काढताना ‘आरोपी दोषी असता तर हा पुरावा मिळण्याची शक्यता’ हिला ‘तो निर्दोष असता तर हाच पुरावा मिळण्याची शक्यता’ हिने भागायचे. वरच्या उदाहरणात सुरुवात ४० विरुद्ध ५, म्हणजे ८ विरुद्ध १ अशी झाली. समजा एखाद्या पुराव्याचे वजन १० असेल, तर हिशेब ८० विरुद्ध १ वर जाईल. आता पदकाचे वजन किती? हिंसा करू शकणाऱ्या आणि न करू शकणाऱ्या माणसांना पदक मिळण्याची शक्यता सारखीच असेल, तर भागाकार १ येतो, आणि १ ने गुणल्यावर काहीच बदलत नाही. तालमीबाहेरचे ज्येष्ठ गृहस्थ या १ च्या जागी अगदी लहान अपूर्णांक धरत होते, आणि त्यांचे शेजारी ‘पैलवान गडी’ या दोन शब्दांना मोठे वजन देत होते. प्रारंभीच्या शक्यता वेगळ्या असणे हा गुन्हा नाही. दोघांनी वजने सारखी धरली, तर पुरावा वाढत जाईल तशी दोघांची मते जवळ येत जातात. वजनच इच्छेनुसार ठरू लागले, म्हणजे पट्टी हवी तितक्या वेळा बुडवली जाऊ लागली, की तोच पुरावा दोघांना आणखी दूर लोटू शकतो.

सिम्पसन खटल्यात हा फरक ध्यानात ठेवणे विशेष आवश्यक आहे, कारण त्या वेळच्या मतभेदाला केवळ चाहत्यांचे वेड म्हणणे अन्यायाचे होईल. निकालाबाबत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय अमेरिकी समाजांची मते तीव्रपणे विभागली गेली होती. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला केलेली मारहाण चित्रित झाली होती, आणि तरीही पुढच्या वर्षी त्या पोलिसांची सुटका होऊन शहरात दंगली उसळल्या होत्या. सिम्पसनच्या खटल्यातील तपास अधिकारी मार्क फुरमन यांच्या वर्णद्वेषी बोलण्याच्या ध्वनिफिती न्यायालयात ऐकवल्या गेल्या. अशा पोलिसांनी आणलेल्या पुराव्याला कमी वजन देणे हा अनुभवातून आलेला निष्कर्ष होता. अनुभवातून आलेला अविश्वास आणि प्रेमातून आलेला अविश्वास बाहेरून सारखेच दिसतात, आणि ते वेगळे करणे संशोधकांनाही सोपे जात नाही.

जाता जाता एका फोफावलेल्या धंद्याविषयी. कोणा प्रसिद्ध खेळाडूवर आरोप झाला की यूट्यूबवर देहबोलीचे ‘तज्ज्ञ’ त्याच्या पापण्यांची उघडझाप मोजून निवाडा देतात, आणि दुसऱ्या वाहिनीवर त्याची कुंडली मांडलेली असते. खरे-खोटे ओळखण्यावरील शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा बाँड आणि डिपॉलो यांनी २००६ साली घेतला, तेव्हा माणसांची अचूकता सरासरी ५४ टक्के निघाली. नाणे उडवले असते तर ५० टक्के मिळालीच असती. कुंडलीचा आकडा मला देता येणार नाही, पण नाण्याला दक्षिणा द्यावी लागत नाही, हा त्याचा फायदा आहेच.

पुरावा इतका वाढतो, की पट्टी बुडवून बुडवून हात दुखू लागतात, तेव्हा चाहता दुसरी वाट धरतो. ‘माणूस म्हणून तो कसाही असो, खेळाडू म्हणून महानच’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. भट्टाचारजी, बर्मन आणि रीड या संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की कृत्याचे समर्थन करण्यापेक्षा कृत्य आणि कामगिरी यांची अशी फारकत करणे लोकांना सोपे जाते, कारण तिच्यात स्वतःच्या नीतिमत्तेला धक्का लागत नाही. गैरकृत्य खेळाच्या जितके जवळचे, तितकी ही फारकत अवघड. त्यामुळे उत्तेजक द्रव्य घेणारा खेळाडू चाहत्यांच्या मनातून उतरू शकतो, आणि घरात हात उचलणारा मनात राहू शकतो, असा विचित्र हिशेब तयार होतो.

सिम्पसनच्या प्रकरणाचा शेवट फौजदारी न्यायालयात झाला नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला, जिथे ‘वाजवी शंकेपलीकडे’ सिद्ध करण्याची अट नसते, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये ज्यूरीने त्याला त्या मृत्यूंना जबाबदार धरून एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला सांगितले. घटनास्थळी रक्ताळलेल्या पावलांचे ठसे ब्रुनो माग्ली या महागड्या इटालियन बनावटीच्या, १२ क्रमांकाच्या बुटांचे होते. तसले कुरूप बूट आपण कधीच घालणार नाही, असे सिम्पसनने शपथेवर सांगितले होते. मग सप्टेंबर १९९३ मधील एका सामन्याच्या वेळचे, बफेलोच्या मैदानावर तेच बूट घालून चालणाऱ्या सिम्पसनचे छायाचित्र पुढे आले. ते बनावट आहे, असे बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने सांगितले. त्यानंतर दुसऱ्या एका छायाचित्रकाराकडे त्याच दिवशीची आणखी तीस छायाचित्रे सापडली. त्यांतले एक नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे खुनांच्या सात महिने आधी, बफेलो बिल्सविषयीच्या एका वार्तापत्रात छापून आले होते, आणि त्या संघाच्या चाहत्यांनी ते तेव्हाच पाहिलेले होते.