चिया आलं कुठून? अ‍ॅझ्टेकांच्या करापासून वाशिमच्या रब्बीपर्यंत

हल्ली कुठलाही डाएट चार्ट बघा, त्यात चिया नावाचं बारीक बी असतंच. रील्समध्ये तर मेक्सिकोतल्या जुन्या साम्राज्यातले अ‍ॅझ्टेक योद्धे म्हणे चमचाभर चियावर दिवसभर लढायचे, ते सोडा, पण अ‍ॅझ्टेकांचं नाव उगाच घेतलेलं नाही. हे रोप मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाचं, तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, आणि मका, घेवडा, राजगिऱ्यासोबत तिकडचं रोजचं खाणं होतं. दळून पीठ करायचे, पाण्यात भिजवून प्यायचे, तेल काढायचे, देवालाही वाहायचे. 1540 च्या सुमाराच्या मेंडोझा कोडेक्स या हस्तलिखितात त्यांच्या कराच्या याद्या आहेत, त्यात 38 पैकी 21 प्रांत चिया भरत होते! म्हणजे सुपरफूड वगैरे काही नाही, सरळ सरकारी कोठारात जाणारं धान्य.

1521 मध्ये त्यांची राजधानी टेनोचटिटलान पडली, स्पॅनिश लोक आपला गहू, आपली गुरं घेऊन आले, जुने देव गेले तसा नैवेद्यही गेला आणि चिया मागे पडलं. संपलं मात्र नाही, मेक्सिकोत लिंबू-साखरेच्या पाण्यात चिया घालून प्यायची पद्धत टिकली आणि त्यापुरती थोडीफार शेतीही.

मग अमेरिकेत ते परत आलं ते खेळणं म्हणून, हे मला सगळ्यात भारी वाटतं. 1982 मध्ये 'चिया पेट' नावाचा मातीचा मेंढा बाजारात आला, त्याच्या अंगाला भिजवलेलं चिया लावायचं की काही दिवसांत लोकरीसारखं हिरवं उगवायचं, टीव्हीवर जोरात जाहिरात. हे खाल्लं तर? असं कोणाला सुचलं नाही. खाण्याच्या बाजूने काम सुरू झालं 1991 मध्ये, वायव्य अर्जेंटिनात शेतकऱ्यांसाठी नवी पिकं शोधायच्या प्रकल्पात, अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे वेन कोट्स आणि त्यांचे सहकारी रिकार्डो आयर्सा यांनी चिया उचललं, कारण त्यातलं ओमेगा-3, म्हणजे शरीराला लागणारी चांगली चरबी. पुढे मेक्सिकोतल्या रारामुरी या आदिवासी जमातीच्या धावपटूंच्या चिया सरबताची चर्चा झाली आणि फिटनेसवाले तुटून पडले. युरोपात तर 2009 साली 'नवीन खाद्य' म्हणून परवानगी मिळाली, तीही फक्त ब्रेडमध्ये 5 टक्क्यांपर्यंत. हजारो वर्षं खाल्लेलं धान्य आणि म्हणे नवीन!

आता पोषणाचं. 100 ग्रॅममध्ये साधारण 34 ग्रॅम फायबर, 16-17 ग्रॅम प्रोटीन, 630 मिलिग्रॅम कॅल्शियम, जवळपास 18 ग्रॅम ओमेगा-3, आणि 486 कॅलरी पण, हे कोणी सांगत नाही. आपण खातो दोन चमचे, 20-25 ग्रॅम, त्यात फायबर 7-8 ग्रॅम येतं आणि खरा फायदा तोच, पोट साफ, भूक जरा उशिरा लागते. वजन आपोआप उतरतं वगैरे दाव्यांना तेवढा आधार नाही. ओमेगा-3 सुद्धा माशातलं नाही, वनस्पतीतलं एएलए, शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं. आणि तेच हवं असेल तर आपल्या विदर्भातल्या जवसात 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास असतं, स्वस्तही, फक्त ते कुटून खावं लागतं, म्हणजे चटणी झालीच की.

एक मात्र पाळा, कोरडं खाऊन वर पाणी पिऊ नका. दाणा स्वतःच्या दहापट पाणी ओढतो, 2014 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकार डॉक्टरांच्या परिषदेत अशीच एक केस मांडली होती, माणसाच्या अन्ननलिकेत गोळा अडकलेला. फालुद्यातला सब्जा वेगळा बरं का, तो काळाभोर आणि काही मिनिटांत फुगतो, चिया करडं-ठिपक्यांचं आणि सावकाश फुगणारं.

भारतात म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेने वाण आणि तंत्र दिलं, तिथल्या भागात लागवड सुरू झाली, मग मध्य प्रदेशात पसरलं, नीमचच्या मंडीत विक्री होऊ लागली. आपल्याकडे वाशिमने ते उचललंय, रब्बीत हरभऱ्याच्या जोडीला, पाणी कमी लागतं आणि रानडुकरं, नीलगाई तोंड लावत नाहीत म्हणतात. तिकडच्या शेतकऱ्याला ओमेगा-3 पेक्षा हेच जास्त कामाचं, रात्री राखणीला जावं लागत नाही.