दारिद्र्यरेषा

माणशी महिन्याला किंवा दिवसाला ठरावीक रकमेपेक्षा कमी खर्च करणाऱ्याला गरीब मोजायचे, ती रक्कम म्हणजे दारिद्र्यरेषा. विकसनशील देशांतील दारिद्र्य कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक आणि मदत देणारी राष्ट्रे जे काही करतात, त्याचा हिशेब शेवटी या रेषेवरच मांडला जातो. वरवर पाहता हा एकच आकडा असतो. त्यामागे मात्र आहाराचे मानक, घरोघरची पाहणी, भावांचा निर्देशांक आणि चलनांचे रूपांतर अशा चार गोष्टी असतात. त्यांतली एक जरी बदलली तरी कोणाच्या ताटात घासभरही फरक न पडता कोट्यवधी लोक रेषेच्या वर जातात किंवा खाली येतात. भारतीय रेषेवरच्या वादातला मोठा भाग पुण्यात घडला.

पुणे आणि २,२५० उष्मांक

भारतातील दारिद्र्य आकड्यांत मांडण्याचा पहिला ठळक प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. १८६७-६८ च्या भावांनी त्यांनी जगण्यापुरता खर्च माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये काढला होता. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये एका सरकारी कार्यगटाने १९६०-६१ च्या भावांनी माणशी महिना २० रुपये हे किमान मानले. शिक्षण आणि आरोग्य सरकार पाहील असे गृहीत धरून हे दोन्ही खर्च त्यातून वगळले. वीसच का, पंधरा किंवा पंचवीस का नाहीत, याचे पटेल असे उत्तर त्यात नव्हते.

ते शोधले गेले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत (स्थापना १९३०). लोकांच्या घरी जाऊन जमाखर्च विचारण्याची रीत तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी रुजवली होती. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये आला. त्यांची पद्धत साधी होती. माणसाला रोज सरासरी २,२५० उष्मांक (कॅलरी) लागतात असे धरायचे, घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांतून कोणत्या खर्चगटाच्या पोटात तेवढे अन्न जाते ते हुडकायचे, आणि त्या गटाचा सगळा खर्च, म्हणजे धान्याबरोबर कपडा, सरपण, रॉकेल वगैरे धरून, ती रेषा मानायची. उत्तर आले ते असे: १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिना सुमारे १५ रुपये, शहरात सुमारे साडेबावीस. खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक या रेषेखाली होते. शहरातली गरिबी ही खेड्यातून ओसंडून आलेली आहे, असे त्यांचे निदान होते. म्हणून उपायही त्यांनी ग्रामीण भागातल्या सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार, हा सुचवला.

२,२५० उष्मांक म्हणजे किती, ते भाकरीच्या हिशेबाने पाहावे. शंभर ग्रॅम ज्वारीतून साधारण ३४० उष्मांक मिळतात. नुसत्या ज्वारीवर भागवायचे तर दिवसाला ६६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागेल. थापणारीच्या हातावर अवलंबून, सात-आठ भाकरी. रुपयामागे सर्वाधिक उष्मांक धान्यातूनच मिळतात, आणि या पद्धतीची खोचही इथेच आहे. हातात चार पैसे जास्त आले की माणूस आठवी भाकरी खात नाही. तो भाजी, दूध, चहाची साखर, मुलांची फी यांवर खर्च करतो. भारतात अनेक वर्षे खर्च वाढत असताना सरासरी उष्मांक घटत गेले ते यामुळेही. शिवाय अंगमेहनत कमी झाली.

दुसरा आक्षेपही पुण्यातूनच आला. पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले. २,२५० ही सरासरी गरज आहे, तिलाच किमान मर्यादा केली तर धडधाकट लोकांतलेही निम्म्याच्या आसपास अर्धपोटी ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते; म्हणून सरासरीतून दोन प्रमाण-विचलने (प्रमाण-विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) वजा करून जी पातळी येईल तिच्याखालच्यालाच अल्पपोषित म्हणावे, असे त्यांनी मांडले. दांडेकरांना हे मान्य नव्हते, आणि दोघांचा वाद १९८० च्या दशकात जाहीरपणे रंगला. तो निव्वळ पंडिती नव्हता. सुखात्म्यांची मर्यादा घेतली की गरिबांचा आकडा बराच खाली येतो. अन्न व कृषी संघटना जगातल्या उपाशी लोकांचा जो आकडा दरवर्षी देते, त्याची पद्धतही सुखात्म्यांच्या कामातूनच वाढलेली आहे.

दांडेकर-रथ यांच्या अभ्यासापाठोपाठ महाराष्ट्रात १९७२-७३ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध ही कामे, कामावर सुकडी हा पोषक खाऊ आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. वि. स. पागे यांनी त्याआधीपासून लावून धरलेल्या योजनेतून रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वात एक मोठी सोय होती: गरीब कोण हे कोणा अधिकाऱ्याने ठरवायचे नसते. उन्हात दगड फोडायला येतो तो गरजू, एवढे पुरते.

समित्यांचे आकडे

नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिगटाने अंगमेहनत जास्त म्हणून खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक धरले. १९७३-७४ च्या भावांनी रेषा महिना ४९.०९ आणि ५६.६४ रुपये झाली. लकडावाला गटाने (१९९३) राज्यवार रेषा आणल्या. सुरेश तेंडुलकर गटाने (२००९) उष्मांकांचा दोर सोडून दिला आणि शिक्षण-आरोग्यावरचा खिशातला खर्च हिशेबात घेतला. या पद्धतीने २०११-१२ साठी देशपातळीवर खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये अशी रेषा आली; महाराष्ट्रात ती ९६७ आणि १,१२६ रुपये होती. देशातले २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी लोक रेषेखाली मोजले गेले. त्याच वर्षासाठी रंगराजन गटाने (२०१४) ९७२ आणि १,४०७ रुपये धरले, तेव्हा प्रमाण २९.५ टक्के आणि संख्या ३६.३ कोटी झाली. दोन्ही गटांत जाणकार होते, दोघांसमोर देश एकच होता, आणि फरक नऊ कोटींहून अधिक माणसांचा.

पाहणीत काय चुकते

खर्चाची पाहणी म्हणजे स्वयंपाकघरातली लांबलचक उलटतपासणी. गेल्या ३० दिवसांत तेल किती लागले? सांगणारी बाई आठवड्याला अर्ध्या लिटरची पिशवी आणत असेल, तर महिन्याचा आकडा ती अंदाजानेच देते, आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. म्हणून तेल, भाज्या, फळे, अंडी-मांस, मसाले, पान-तंबाखू यांसारख्या वस्तूंसाठी गेल्या ७ दिवसांचे विचारायचे, उरलेल्या अन्नासाठी ३० दिवसांचे, आणि कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च यांसाठी ३६५ दिवसांचे, अशी पद्धत पुढे स्वीकारली गेली. नुसत्या या बदलाने काय होते? जागतिक बँकेच्या तेव्हाच्या रेषेनुसार २०११-१२ मधले भारताचे दारिद्र्य ३० दिवसांच्या सरसकट पद्धतीने २१.२ टक्के, तर या मिश्र पद्धतीने १२.४ टक्के. १९९९-२००० च्या फेरीत तर अन्नासाठी ७ आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न एकाच घरात शेजारीशेजारी विचारले गेले. एक उत्तर दुसऱ्यात झिरपले आणि त्या फेरीची आधीच्या फेऱ्यांशी तुलना वादात सापडली.

इतर खाचखळगेही आहेत. धुणीभांडी करणारी बाई कामाच्या घरी चहा-नाश्ता करत असेल, तर तो खर्च तिच्या नव्हे, त्या घराच्या खात्यावर पडतो. घरच्या शेतातून आलेल्या धान्याची किंमत बाजारभावाने न लावता शेतावरच्या भावाने लावायची असते, आणि इथे घाईत चूक होते. पुलाखाली किंवा फुटपाथवर राहणारे बेघर नमुन्यात नसतातच. सगळ्यात वरच्या थरातली बंद गेटची सोसायटी पाहणी करणाऱ्याला दारातूनच परत पाठवते. त्याने दारिद्र्याचा आकडा फारसा हलत नाही, विषमतेचा मात्र चुकतो. २०२२-२३ च्या पाहणीत एकाच बैठकीत सगळे न विचारता प्रश्नावलीचे तीन भाग करून तीन महिन्यांत तीन भेटी दिल्या गेल्या. माहिती नक्कीच सुधारली. पण २०११-१२ शी थेट तुलना करताना सुधारणेतला किती वाटा जगण्यातला आणि किती प्रश्नावलीतला, हे वेगळे काढणे अवघड झाले. त्या वर्षी दरडोई मासिक खर्च खेड्यात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये आला.

डॉलरची रेषा

सर्व देशांना एकच गज लावण्यासाठी जागतिक बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर ही रेषा आणली. अत्यंत गरीब देशांच्या स्वतःच्या रेषा कुठे आहेत ते पाहून ती ठरवली होती. पुढे नव्या भावपाहण्यांनुसार ती २००८ मध्ये १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर झाली.

हा डॉलर बँकेत मिळणारा डॉलर नाही. तो क्रयशक्ती-समतेचा, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला येते तेवढी वस्तू इथे किती रुपयांना येते, याचा आहे. २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण क्रयशक्तीने तो २०.६५ रुपयांचाच भरला. म्हणून २.१५ डॉलरची रेषा बाजारदराने १४० रुपये वाटली, तरी प्रत्यक्षात ती दिवसाला ४४-४५ रुपयांच्या घरात बसते. (बँक यासाठी घरगुती उपभोगाचा वेगळा गुणक वापरते, त्यामुळे नेमका आकडा थोडा सरकतो.) वर्तमानपत्रांत डॉलरला चालू दराने गुणण्याची चूक नेहमी होते आणि गरीब उगाच तिपटीने श्रीमंत दिसतो. क्रयशक्तीच्या टोपलीत केस कापण्यापासून घरभाड्यापर्यंत सगळे येते. गरिबाचा निम्मा पैसा अन्नावर जातो आणि अन्न त्या मानाने तितके स्वस्त नसते, हा या पद्धतीवरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे.

२०२५ च्या फेरबदलात २०२२ मधल्या जगातील अतिगरिबांची संख्या ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटी झाली. भारताचा आकडा मात्र नव्या पाहणीमुळे खाली आला: ३ डॉलरच्या रेषेखाली २०११-१२ मध्ये २७.१ टक्के, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के.

उद्दिष्टे आणि पैसा

संयुक्त राष्ट्रांच्या सप्टेंबर २००० च्या सहस्रक जाहीरनाम्यातून आलेले पहिले उद्दिष्ट होते, अतिगरिबांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्मे करणे. ते मुदतीच्या पाच वर्षे आधीच गाठले गेले. मात्र मोजणीची सुरुवात २००० पासून न धरता १९९० पासून धरल्याने, जाहीरनाम्याआधीच्या दशकात चीनने केलेली प्रगतीही त्याच खात्यात जमा झाली. चाळीस वर्षांत चीनमधले सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, आणि त्यात परदेशी मदतीचा वाटा किरकोळ होता. २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टे आली; पहिले अर्थातच २०३० पर्यंत अतिदारिद्र्य संपवण्याचे.

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये केला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश तो पाळत आले. गरीब देशांना सवलतीची कर्जे देणारी जागतिक बँकेची आंतरराष्ट्रीय विकास संघटना १९६० मध्ये निघाली, आणि भारत तिचा दीर्घकाळ मोठा कर्जदार होता. २०१४ मध्ये दरडोई उत्पन्न वाढल्याने भारत त्या यादीतून बाहेर पडला. इथे गरीब माणसांची संख्या विचारात येत नाही, देशाची सरासरी विचारात येते. त्यामुळे कोट्यवधी गरीब असलेला देशही ‘गरीब देश’ राहत नाही.

नुसते प्रमाण मोजण्यातला धोका उदाहरणाने कळतो. रेषा १,००० रुपये, एकाचा खर्च ९९० आणि दुसऱ्याचा ४००. पहिल्याला दहा रुपये दिले की गरिबी निम्म्याने हटली, असा अहवाल लिहिता येतो. म्हणून रेषेपासूनचे अंतरही मोजावे लागते. त्यासाठीची सूत्रे फॉस्टर, ग्रीअर आणि थॉर्बेक यांनी १९८४ मध्ये दिली. खर्चाऐवजी पोषण, शाळा, इंधन, शौचालय, पाणी अशा उणिवा मोजणारा बहुआयामी निर्देशांक २०१० पासून वापरात आहे. नीती आयोगाच्या १२ निकषांच्या आवृत्तीत भारतातले प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ आणि २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के होते.

मोजण्याची रेषा आणि कार्डाची रेषा

पुण्यात ‘दारिद्र्यरेषेखालचा’ म्हटले की लोकांना पिवळे रेशनकार्ड आठवते. ही रेषा वेगळी. नमुना पाहणीतून देशात किंवा राज्यात किती टक्के गरीब ते कळते. शेजारच्या चाळीतले कोणते घर गरीब, हे त्यातून कळत नाही. कार्डासाठी उत्पन्नाची मर्यादा लावली जाते. १ मे १९९९ च्या तिरंगी योजनेत पिवळ्या कार्डाला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत, केशरीला त्यापुढे एक लाखापर्यंत, आणि त्यावर पांढरे. अन्नसुरक्षा कायद्याखाली (२०१३) माणशी ५ किलो धान्याच्या प्राधान्य गटासाठी राज्याने शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार अशी मर्यादा ठेवली.

आता गुणाकार करून पाहा. तेंडुलकर गटाची महाराष्ट्रातली शहरी रेषा २०११-१२ च्या भावांनी १,१२६ रुपये. पाच माणसांच्या घराला वर्षाला ६७,५६० रुपये. म्हणजे ५९ हजारांची मर्यादा ज्या दिवशी लागू झाली त्या दिवशीही ती, पाच जणांच्या घरापुरती, अधिकृत रेषेच्या खालीच होती. बारा हजार पगारावरचा रखवालदार वर्षाला १ लाख ४४ हजार मिळवतो. नियम अक्षरशः लावला तर त्याला केशरीसुद्धा नाही, पांढरे कार्ड. रेशनकार्डाच्या परिमंडळ कार्यालयाच्या खिडकीवर उत्पन्नाचा आकडा मर्यादेच्या आत बसवण्याची जी खटपट चालते, तिचे मूळ या गुणाकारात आहे.