‘गोरिला युद्धा’त गोरिला नाही

वर्तमानपत्रात ‘गोरिला युद्ध’ असं छापून येतं, आणि मग कुणीतरी हमखास सांगतं: गोरिला जसा झाडीत दबा धरतो आणि अचानक तुटून पडतो, त्यावरून हे नाव! ऐकायला झकास, पण खोटं. (बिचारा गोरिला बराचसा वेळ पाला चघळत बसलेला असतो.)

शब्द स्पॅनिश आहे. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध. त्याला लहानपण दाखवणारा प्रत्यय लागून ‘गेरिया’ झालं, म्हणजे छोटं युद्ध. आपण ‘डबा’चं ‘डबी’ करतो तसं. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधल्या छोट्या टोळ्यांनी छापे घालून हैराण केलं, तिथून तो इंग्रजीत शिरला. स्पॅनिशमध्ये लढणारा माणूस मात्र ‘गेरियेरो’. इंग्रजीत ‘गरिला’ आणि ‘गोरिला’ यांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून हा सगळा घोळ.

वानराचं नाव १८४७चं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन नगराच्या हान्नो या दर्यावर्दीच्या वृत्तांतात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची ‘गोरिलाई’ नावाची केसाळ रानटी माणसं येतात, त्यावरून ते घेतलं.

आपला ‘गनिमी कावा’ याहून मजेशीर. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, शब्द अरबी-फारसीतून आलेला. मोगलांचे दरबारी लेखक मराठ्यांनाच ‘गनीम’ म्हणत. त्या अर्थाने गनिमी कावा म्हणजे शत्रूचा, अर्थात आपलाच, डाव! शत्रूने दिलेलं नाव आपण अभिमानाने मिरवतो.