पिशवीच्या तोंडाला दुखत नाही?

तांबी बसवताना डॉक्टर पिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, आधी एका लांब चिमट्यात पकडतात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना आत वळलेला अणकुचीदार दात असतो. गर्भाशय हलू नये, वाट सरळ व्हावी म्हणून ही पकड. मग बारीक सळईनं पिशवीची खोली मोजायची आणि शेवटी तांबी आत सरकवायची. काम काही मिनिटांचं. तेवढ्यात एखादीला चिमटा बसल्यासारखं होतं, तर दुसरीला दरदरून घाम फुटतो, नाडी मंदावते, घेरी येते. दोघीही खरंच सांगत असतात.

तरी ‘तिथं काही जाणवत नाही’ हा समज डॉक्टरी पेशातही वर्षानुवर्षं टिकला. १९५३ साली अमेरिकेत लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांच्या अहवालात आलं होतं, की गर्भाशयमुखाला झालेला हलका स्पर्श बहुतेक बायकांना कळत नाही. पण हलका स्पर्श वेगळा आणि टोचणं, ताणणं वेगळं! ताण पडला की तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेलं मज्जातंतूंचं जाळं जागं होतं.

इथली कळ मेंदूकडे दोन वाटांनी जाते. तोंडाची कळ कमरेखालच्या त्रिकास्थीपाशी पाठीच्या कण्यात शिरते. पिशवीच्या वरच्या भागाची कळ बरीच वर, छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या पातळीवर. म्हणून एकाच उपायानं सगळं दुखणं जात नाही. आधी घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी नंतरच्या पेटक्यांना चांगली. चिमटा लागतानाच्या कळेवर तिचा फारसा भरवसा नाही. तोंड मऊ व्हावं म्हणून सरसकट मिसोप्रोस्टॉल देणं तर मला पटतच नाही. त्यानंच पोटात कळा येऊ शकतात.

त्यापेक्षा तोंडाभोवती लिग्नोकेनची इंजेक्शनं देता येतात. दाढ काढताना हिरडीत देतात, त्याच जातीची ही भूल. तिचीही सुई टोचतेच, पण औषधात थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं तर आग कमी होते. सुई नको असेल तर लिग्नोकेनची जेल, क्रीम किंवा स्प्रे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये तांबीसाठी लिग्नोकेनचा पर्याय सांगितला. मे २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तपासणीसाठी तुकडा काढण्यासारख्या प्रक्रियांनाही धरून सांगितलं, की दुखण्याबद्दल आधी बोला आणि भुलेचा पर्याय समोर ठेवा. इतक्या उशिरा का होईना, हे कागदावर आलं याचं मला फार समाधान आहे.

आपल्याकडे अजून ‘अंग सैल सोडा ताई, झालंच’ एवढ्यावर भागवलं जातं. म्हणून ‘डॉक्टर, भूल द्याल का?’ हे टेबलावर चढल्यावर नाही, आधी खुर्चीत बसलेलं असतानाच विचारावं. भूल चढायला थोडा वेळ द्यावा लागतो. आणि हृदयाचा त्रास असेल, पूर्वी भुलेच्या औषधाची ॲलर्जी आली असेल, मागच्या वेळी घेरी आली असेल, तर तेही तेव्हाच सांगता येतं.