वांकेल इंजिन, विमानाचा पंखा आणि फ्लायव्हीलचा जुना प्रश्न

हौशी बांधणीच्या विमानावर मोटारीतले वांकेल इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरवणारे) बसवताना फ्लायव्हील, म्हणजे झटके सौम्य करणारे जड चाक, कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वजनाचा वाटतो. त्याचा इतिहास तपासला तर दिसते की हा प्रश्न मुळात इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअर आल्यामुळे निर्माण झालेला आहे, आणि तो विमानाइतकाच जुना आहे.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंजिनाला फ्लायव्हील होते, कारण त्यांचे दोन पंखे साखळ्यांनी फिरत आणि इंजिनाच्या सुमारे एक तृतीयांश वेगानेच फिरत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंजिनाच्या असमान झटक्यांनी त्यांच्या पंख्यांचे पोकळ दंड निकामी झाले, अधिक जाड नळ्यांनाही तडा गेला, आणि शेवटी भरीव पोलादी दंड बसवल्यावरच १७ डिसेंबरचे उड्डाण होऊ शकले. पिळाच्या कंपनांनी विमानबांधणीला दिलेला तो पहिला ठळक इशारा होता, असे मला वाटते.

पुढे फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी नोम इंजिनात सिलिंडरच पंख्याबरोबर फिरवले आणि वेगळ्या फ्लायव्हीलची गरजच नाहीशी केली. १९०९ साली रँस येथे आंरी फार्माँने अंतराची स्पर्धा याच इंजिनावर जिंकली. ती पद्धत मागे पडल्यानंतर हलक्या विमानांच्या इंजिनांमध्ये पंखा थेट क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) जोडण्याची रीत रूढ झाली. मोठ्या व्यासाचा पंखा हेच तिथे फ्लायव्हील ठरले आणि प्रश्न काही दशके शांत राहिला.

फेलिक्स वांकेलच्या संशोधनातून एनएसयू कंपनीत पहिले चालते इंजिन १९५७ मध्ये तयार झाले. अमेरिकेतील कर्टिस-राइटने १९५८ मध्ये त्याचा परवाना घेतला, आणि त्यांचे इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार या प्रायोगिक विमानावर उडालेही. हौशी बांधकामाला मात्र खरी चालना मिळाली ती माझ्दाच्या मोटारींमुळे: १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट आणि १९७८ ची आरएक्स-७ यांच्यामुळे दोन रोटरची इंजिने जुन्या गाड्यांतून सहज मिळू लागली. १३०८ घनसेंटिमीटरचे १३बी हे त्यांतले विमानांसाठी सर्वाधिक पसंतीचे.

या इंजिनाची भरपूर शक्ती मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांना मिळते, तर सामान्य पंख्याची टोके ध्वनीच्या वेगापासून पुरेशी दूर ठेवायची तर त्याला २७०० च्या आसपास थांबावे लागते. त्यामुळे वेग घटवणारा गिअरबॉक्स अपरिहार्य ठरतो. गिअरबॉक्स आला की पंख्याचे घूर्णी जडत्व (फिरण्याचा वेग बदलण्यास होणारा विरोध) इंजिनाला गुणोत्तराच्या वर्गाने भागून जाणवते, म्हणजे २.८५ ला १ या गुणोत्तरात पंख्याचे जेवढे जडत्व असेल त्याचा जेमतेम एक अष्टमांश इंजिनाच्या वाट्याला येतो. पंखाच फ्लायव्हील असण्याची सोय इथे संपते.

येथूनच निवडीचा गाभा सुरू होतो. एका बाजूला इंजिन व फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला पंखा आणि मध्ये पीळ घेणारा शाफ्ट, अशी ही रचना स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने कंप पावते. दोन रोटरच्या इंजिनात एक्सेंट्रिक शाफ्टच्या (वांकेलमधल्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीला दोन शक्तिस्पंद येतात. १५०० फेऱ्यांना सेकंदाला ५०, तर ६००० ला २००. या पट्ट्यात रचनेची वारंवारता सापडली तर अनुस्पंदन होते, म्हणजे स्पंदांच्या तालाने कंप वाढतच जातो, आणि गिअरचे दात, शाफ्ट किंवा पंख्याचे बोल्ट त्याची किंमत मोजतात. इंजिनाच्या बाजूचे जडत्व वाढवले की ही वारंवारता खाली, शक्यतो संथ फेऱ्यांच्याही खाली, ढकलता येते. शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेले अतिहलके ॲल्युमिनियमचे फ्लायव्हील ती वर, नेमक्या चालण्याच्या पट्ट्यात आणू शकते. वजन वाचवण्यासाठी ते घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण मोटारीत त्याचा हेतू झटपट वेग बदलणे हा असतो आणि विमानाच्या इंजिनाला त्याची गरज जवळपास नसते. जडत्वाबरोबर रबरी किंवा स्प्रिंगचा लवचीक जोड वापरला तर फ्लायव्हील थोडे हलके चालू शकते. म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो.

समतोलाची बाबही याच जागी येते. दोन रोटर एकमेकांच्या विरुद्ध १८० अंशांवर असल्याने बले एकमेकांना निष्प्रभ करतात, पण शाफ्टला टोकांकडून डोलवणारा जोर उरतो आणि तो दोन्ही टोकांच्या काउंटरवेटनी (समतोल साधणाऱ्या वजनांनी) सांभाळला जातो. हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांत मागचे काउंटरवेट फ्लायव्हीलमध्येच ओतलेले असे. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाड्यांत ते वेगळे असून त्यावर पातळ पोलादी तबकडी बसत असे. हौशी बांधकाम करणाऱ्यांनी हीच दुसरी जोडणी मोठ्या प्रमाणात स्वीकारली, कारण तिच्यात स्टार्टरसाठी दातेरी कडे असते आणि तबकडीवर लवचीक जोड बसवता येतो. माझ्दाने निरनिराळ्या वर्षी रोटर हलके केले आणि काउंटरवेटही बदलले, त्यामुळे एका काळातले काउंटरवेट दुसऱ्या काळातल्या रोटरना चालेल असे गृहीत धरू नये.