एक लिटर पाणी उकळायला किती मजले चढावे लागतील?

शाळेत ऊर्जेचा धडा आला की तो बहुतेक वेळा यादीनेच सुरू होतो. गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत, मग पुढच्या धड्यात दुसरी यादी, कोळसा पेट्रोल वारा ऊन पाणी. पोरं पाठ करतात, मार्कही पडतात, पण एक ज्यूल (ऊर्जा मोजायचं एकक) म्हणजे केवढं, हजार ज्यूल म्हणजे केवढं, याचा अंदाज दहावी काय बारावी झाली तरी येत नाही. मला विचाराल तर ऊर्जा हा सरळसरळ जमाखर्चाचा विषय आहे, आधी कुठे होती, कुठे गेली, वाटेत किती सांडली. नावं नंतर शिकली तरी चालतील.

तर आकडे घेऊनच बसू. ६० किलो वजनाचा माणूस ३ मीटरचा एक मजला जिन्याने चढला. वजन गुणिले ९.८ (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले उंची, झाले १७६४ ज्यूल. एवढी स्थितिज ऊर्जा त्याच्या खात्यात जमा झाली. आता एक लिटर पाणी घ्या, २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायचंय. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१८६ ज्यूल लागतात, म्हणजे एक मजला चढून जेवढे ज्यूल कमावले त्यात लिटरभर पाणी अर्धा अंशसुद्धा तापत नाही! ७५ अंशांना ३ लाख १४ हजार ज्यूल. भागाकार केला तर त्याच माणसाला ५३४ मीटर, म्हणजे जवळपास १७८ मजले चढावे लागतील. तेही फक्त उकळी फुटेपर्यंत, वाफ करायची म्हटली तर आणखी सात पट ज्यूल मोजायचे. स्नायू काही फुकट काम करत नाहीत, शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली २०-२५ टक्केच चढण्याच्या कामी येते आणि बाकीची घामाघूम होण्यात जाते, तो हिशोब वेगळा.

गाडीचंही तसंच. १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर तिची गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल. इतकं मोठं धूड, समोर आलं तर जीव जाईल, पण त्याची सगळी ऊर्जा एका लिटर पाण्यात ओतली तरी ते उकळणार नाही, ४८ अंशांनी वर जाऊन थांबेल. वेग दुप्पट केला की मात्र ही ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लावला की ती सगळी ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात जाते, घाटात उतरताना ब्रेकचा वास येतो तो याचाच.

यातून एक गोष्ट लक्षात येते की ढकलणं, उचलणं, फिरवणं ही कामं ज्यूलमध्ये स्वस्त आहेत आणि तापवणं प्रचंड महाग. विजेच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेवढ्यात आपला तो ६० किलोचा माणूस ६ किलोमीटर उंच उचलता येईल, पण पाणी उकळेल फक्त साडेअकरा लिटर. मोबाईलची बॅटरी असते साधारण १५ वॅट-तासांची, ५४ हजार ज्यूलची, म्हणजे लिटरभर पाणी उकळलं त्या विजेत फोन पाच-सहा वेळा चार्ज झाला असता. आणि तो प्लगला नुसताच लटकलेला चार्जर, ज्याच्यावरून घरोघरी ओरडा बसतो, तो नवीन बनावटीचा असेल तर फोन न जोडता ०.१ वॅटच्या आसपासच खातो, म्हणजे वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटसुद्धा नाही, दहाएक लिटर पाणी उकळण्याइतकं. काढून ठेवा, चांगलंच आहे, पण गिझर दहा मिनिटं जास्त चालू ठेवून चार्जर काढल्याचं समाधान मानण्यात काही दम नाही.

बरं, आता ती नेहमीची शंका. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त इकडून तिकडे जाते, हा अक्षय्यतेचा नियम. मग ऊर्जा संपायची भीती कसली? शंका अगदी रास्त आहे आणि वर्गात ती कोणी विचारली तर तिला नीट उत्तर मिळायला हवं, कारण तिथेच खरा विषय सुरू होतो.

बंद खोलीत पंखा चालू आहे असं धरा. ७५ वॅट वीज घेतो. मोटर थोडी तापते, बाकीची ऊर्जा हवेला गती देते, ती हवा भिंतींना, वस्तूंना, एकमेकींना घासत मंदावते आणि ती गतीही उष्णताच होते. शेवटी खोलीत ७५ वॅटचा हीटर लावल्यागतच झालं. पंखा खोली थंड करत नाही, आपल्या अंगावरचा घाम उडवून आपल्याला थंड करतो. फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का, हा प्रश्नही याच खात्यातला. होणार नाही, उलट तापेल, कारण फ्रीज पुढून जेवढी उष्णता ओढतो तेवढी मागच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि वर कॉम्प्रेसरने घेतलेली वीजसुद्धा उष्णता होऊन खोलीतच पडते.

गती आणि उष्णता हे एकाच चलनातले व्यवहार आहेत हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं, पण १८४० च्या दशकात ते पटवणं सोपं नव्हतं. जेम्स ज्यूल हा इंग्लंडमधल्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला, विद्यापीठात नोकरी नाही काही नाही. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांसारखी पाती बसवली, ती दोरीला टांगलेल्या वजनांनी फिरवली, आणि वजनं खाली उतरली की पाणी किती तापतं ते मोजलं. फरक इतका बारीक की अंशाच्या छोट्याशा भागापर्यंत थर्मामीटर वाचता आला पाहिजे. १८५० मध्ये त्याने आकडा छापला, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला एक पौंड वजन ७७२ फूट खाली पडावं लागतं. आजचा आकडा ७७८ आहे, म्हणजे गडी एका टक्क्याच्या आत होता! पुढे १८७८ मध्ये त्याने पुन्हा मोजून ७७२.५५ काढला आणि तो आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे.

म्हणजे ज्यूल हरवत नाहीत हे नक्की. पण सगळ्या ज्यूलांची लायकी सारखी नसते, खरी मेख इथे आहे. बॅटरीतल्या १००० ज्यूलांनी दिवा लावा, मोटर फिरवा, काहीही करा. तेच १००० ज्यूल कोमट पाण्यात असले तर? ३५ अंशांचं पाणी, आजूबाजूची हवा २५ अंश, या फरकावर जगातलं सगळ्यात भारी, कल्पनेतलं इंजिन चालवलं तरी उष्णतेतला फार तर ३ टक्के भाग कामाला लागेल. ही मर्यादा इंजिनियर कमी पडले म्हणून आलेली नाही, फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ मध्येच दाखवून दिलं होतं की उष्णतेतून किती काम निघेल हे गरम बाजू आणि थंड बाजू यांच्या तापमानांवर ठरतं, पाणी वापरा की वाफ की आणखी काही. पंख्याने खोलीत पसरवलेली उष्णता तर आजूबाजूच्याच तापमानाला येऊन बसते, तिच्यातून मग काहीच काढता येत नाही. ज्यूल जागेवर आहेत पण मोडीत निघालेत. ऊर्जा वाचवा म्हणतात ती वाचवायची असते मोडीत निघण्यापासून.

औष्णिक वीज केंद्रात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. कोळसा जाळा, पाण्याची वाफ करा, ती ५४० अंशांच्या आसपास टर्बाइनवर सोडा, टर्बाइन फिरलं की जनित्र फिरतं. कार्नोच्या सूत्राने कमाल मर्यादा ६२-६३ टक्के येते, प्रत्यक्षात बहुतेक केंद्रं ३३ ते ४० टक्क्यांत असतात, फार आधुनिक असली तर थोडी वर. म्हणजे जळलेल्या कोळशातले निम्म्याहून जास्त ज्यूल धुरांड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून निघून जातात. (ते पाणी थंड करायचे अवाढव्य, कमरेत बारीक मनोरे दिसतात ना, त्यांच्यातून निघतो तो धूर नसतो, पाण्याचे बारीक थेंब असतात, धूर काढायची चिमणी वेगळी आणि सडपातळ असते.) हा हिशोब एका नजरेत दिसावा म्हणून सँकी नावाच्या कॅप्टनने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी एक आकृती वापरली, जेवढी ऊर्जा तेवढा जाड बाण, आणि जिथे गळती तिथे बाणाला फाटा. शाळेत ही आकृती काढायला लावतात तेव्हा फाट्यांची बेरीज मूळ बाणाइतकीच आली पाहिजे एवढं बघा, तिथेच मार्क जातात.

अणुवीज म्हटलं की लोकांना काहीतरी जादूई वाटतं, पण तिथेही शेवटी पाणीच तापवतात, फक्त चूल वेगळी. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विभागलं तर जवळपास ३००० टन कोळशाइतकी उष्णता निघते, इंधनाचा ढीग इतका लहान का असतो ते यावरून कळेल. भूऔष्णिक केंद्रातही वाफ आणि टर्बाइनच. पाणी आणि वारा मात्र टर्बाइन थेट फिरवतात, मधला उष्णतेचा टप्पा नाही, त्यामुळे कार्नोची कात्रीही नाही, जलविद्युत टर्बाइन ९० टक्क्यांपर्यंत सहज जातं. वाऱ्याला वेगळं कुंपण आहे. पवनचक्कीने वाऱ्याची सगळी गती काढून घेतली तर हवा पात्यांमागे तुंबून बसेल आणि नवीन वारा येणारच नाही, म्हणून ५९.३ टक्क्यांच्या वर काढताच येत नाही. शिवाय ताकद वेगाच्या घनावर जाते, वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. सोलर पॅनलमध्ये तर काही फिरतच नाही, प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, त्यातले चांगलं पॅनल २०-२२ टक्के वीज करून देतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला तो ६ टक्क्यांचा होता.

मागे मागे जात राहिलं तर यातलं बरंचसं सूर्यावर पोचतं. ऊन हवा असमान तापवतं म्हणून वारा, पाणी उचलून डोंगरावर टाकतं म्हणून धरणं, झाडांत साठतं म्हणून लाकूड आणि कोट्यवधी वर्षांनी कोळसा. पण तीन जण या घराण्यातले नाहीत. युरेनियम सूर्य जन्मायच्या आधी दुसऱ्या ताऱ्यांच्या शेवटच्या उलथापालथीत तयार झालं. पृथ्वीच्या पोटातली उष्णता काही तिच्या जन्मापासूनची शिल्लक आणि काही किरणोत्सारी मूलद्रव्यांची. आणि भरती-ओहोटीची ऊर्जा येते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून, चंद्राच्या ओढीने, आणि त्यापायी पृथ्वीचा दिवस अतिशय हळूहळू लांबतोय आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर लांब सरकतोय. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून भरतीवर चालणारं २४० मेगावॅटचं केंद्र आहे, ते एका अर्थी पृथ्वीच्या गरगर फिरण्यातूनच वीज काढतंय.

परीक्षेत सगळ्यात जास्त घोळ होतो तो नवीकरणीय आणि स्वच्छ यांना एकच समजण्यात. नवीकरणीय म्हणजे वापरतो त्या वेगाने पुन्हा भरून येणारं, बस. लाकूड नवीकरणीय आहे पण जाळलं की धूर आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही देतं, युरेनियम नवीकरणीय नाही पण विभागताना कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, कचऱ्याचा प्रश्न आहे तो वेगळा. दोन स्वतंत्र रकाने करा, गोंधळ मिटतो. आणि वीज हा स्रोत म्हणून लिहून येऊ नका! वीज ही दुसरीकडची ऊर्जा वाहून नेणारी आहे, हायड्रोजनही तसाच, आधी दुसरीकडून ऊर्जा घालून बनवावा लागतो.

साठवण हा तर सगळ्यात अवघड भाग. दुपारचं ऊन रात्रीला ठेवायचं म्हणून पाणी वरच्या तळ्यात चढवतात आणि लागेल तेव्हा सोडतात, घातलेल्या विजेतली ७०-८० टक्के परत मिळते. ऐकायला झकास, पण एक युनिट साठवायला १०० मीटर उंचीवर ३६७० लिटर पाणी चढवावं लागतं, कारण उचलणं स्वस्त आहे ना, मग उचलून साठतंही कमीच. तेच युनिट लिथियमच्या पाच-सहा किलो बॅटरीत मावतं, आणि पेट्रोलमध्ये म्हणाल तर १०० मिलीलिटरला थोडं जास्त, पण पेट्रोलचं इंजिन त्यातलं २०-३० टक्केच चाकांपर्यंत पोचवतं आणि विजेची मोटर ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बॅटरी इतकी जड असूनही स्पर्धेत टिकून आहे. हायड्रोजनचा रस्ता लांबचा, विजेने पाणी फोडा, वायू दाबून साठवा, इंधन-सेलमधून पुन्हा वीज करा, प्रत्येक टप्प्यावर फाटा फुटतो आणि शेवटी हातात निम्म्याहून कमी उरतं, म्हणून छोट्या गाड्यांपेक्षा पोलाद आणि खतांच्या कारखान्यांत, जिथे हायड्रोजन हा रसायन म्हणूनच लागतो, तिथे तो मला जास्त पटतो.